पेलेल ती काठी

मागच्या वर्षी गणपतीच्या दिवसांत मुलाचा डेन्व्हरहून फोन आला. आमचे फोन दर रविवारी सकाळी येतात आणि चार मिनिटांत संपतात. तिकडे थंडी किती, इकडे पाऊस किती, माझा गुडघा काय म्हणतो, एवढं झालं की तो म्हणतो, "आईला द्या." मी देतो. मग तासभर आतल्या खोलीतून हसण्याचे आवाज येत राहतात. गेली पंधरा वर्षं हे असंच चाललं आहे. आमचं भांडण म्हणाल तर कधीच झालं नाही. झालं असतं तर निदान बोलायला एक विषय मिळाला असता.

त्या रविवारी मात्र तो म्हणाला, "डिसेंबरात दोन आठवडे येतोय. बाबा, आपल्याकडे मासे धरायला कुठे जाता येईल?"

मी चमकलो. आमच्या घरात मासा ताटात कधीमधी येतो, पण धरायला कुणी गेलेलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की चिरंजीव गेली सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या नद्यांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतात आणि पिसांच्या खोट्या माशीनं ट्राउट धरतात. त्याला 'फ्लाय फिशिंग' म्हणतात. धरलेला मासा परत सोडून देतात.

"सोडून देतोस?"

"हो."

"मग धरतोस कशाला?"

तो मनापासून हसला. फोन अकरा मिनिटं चालला. शेवटी म्हणाला, "तुम्हीही शिका. तुमच्यासाठी काठी घेऊन येतो. चांगलीच घेऊ, नऊशे डॉलरची." मी मनातल्या मनात गुणाकार केला. पंचाहत्तर हजारांच्या वर! माझ्या नोकरीच्या पहिल्या चार वर्षांचा पगार. मी म्हणालो, "नको. माझी काठी मी घेईन."

माझा नकार पैशांसाठीच आहे असं त्याला वाटलं असणार. पण त्यामागे एक होडी होती. ती आधी सांगतो.

१९८७ साली मी राहुरी तालुक्यातल्या एका शाखेत नवखा अधिकारी होतो. बारागाव नांदूरजवळ मुळा नदीवर धरण आहे, २६ टीएमसीचं. त्याच्या फुगवट्याच्या काठी मासेमारी करणारे एक भोई गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना नायलॉनच्या जाळ्यांसाठी अडीच हजार रुपये हवे होते. आमच्याकडे तेव्हा अनुदानाच्या योजनांचे छापील तक्ते असत. त्यात मच्छीमारासाठी होडी आणि जाळी मिळून नऊ हजारांचं 'युनिट' होतं. मार्चअखेर तोंडावर आलेली, उद्दिष्ट अपुरं. मी त्यांना म्हणालो, "अडीच कशाला? पूर्ण युनिट घ्या. होडी आली की मधल्या खोल पाण्यात जाल."

ते म्हणाले, "सायेब, मी काठाकाठानं जाळं टाकणारा गडी. होडी मला पेलायची न्हाई."

मी त्यांना प्रगती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माझं वय सव्वीस-सत्तावीस, समजावून सांगण्याचंच ते वय. कर्ज मंजूर झालं, होडी आली. होडीला दोन माणसं लागतात. यांचा मुलगा लहान, दुसरा गडी ठेवायचा तर मिळकतीतला निम्मा वाटा त्याचा. दर वर्षी डांबर हवं ते वेगळंच. दुसऱ्या वर्षी हप्ते थकले. नोटिशीवर सही माझीच होती. १९९० साली दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली आणि ते खातं मिटलं. माझ्या डोक्यातलं मिटलं नाही. कर्ज असो की अवजार, माणसाला पेलेल तेवढंच द्यावं, हे मी तिथे शिकलो. पण त्याची किंमत दुसऱ्यानं भरली.

म्हणून मी ठरवलं, काठी आपणच घ्यायची, आपल्या पेन्शनमधून आणि आपल्या हाताला झेपेल अशी.

पहिली खरेदी अर्थातच फसली. पुण्यात एका दुकानात गेलो आणि 'मासे धरायची काठी' मागितली. दुकानदारानं छत्रीसारखी एकात एक सरकणारी, चांगली जाड काठी दिली. नगरला आलो (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं) आणि कौतुकानं मुलाला फोटो पाठवला. उलट उत्तर आलं, "बाबा, ही ती नाही." सौभाग्यवतींनी तिचा उपयोग माळ्यावरची जळमटं काढायला सुरू केला. त्या कामाला ती उत्तम आहे.

'ही ती नाही' म्हणजे काय, हे समजायला मला आठ दिवस लागले. मलाच पटलेल्या दोन उदाहरणांनी ते सांगतो.

आपण गोफण फिरवतो तेव्हा दगड जड असतो आणि तो दूर जातो. साधा गळ याच न्यायानं चालतो. तंगुसाच्या टोकाला शिसं असतं, कणकेचा गोळा असतो. त्या वजनानं तंगूस ओढला जातो आणि गळ लांब पडतो. आता पोतराजाचा आसूड आठवा. त्याच्या टोकाला काहीच वजन नसतं. जड असतो तो आसूडच. हाताचा झटका त्याच्या अंगातून लाटेसारखा पुढे सरकत टोकाला पोचतो. फ्लाय फिशिंग हा आसुडाचा प्रकार आहे. पिसं, लोकर आणि दोरा गळाला गुंडाळून केलेल्या त्या माशीला वजन जवळजवळ नसतंच. ती फेकायची म्हणाल तर हातभरही जाणार नाही. म्हणून इथे वजन असतं ते दोरीला. दोरी जाड, रंगीत, प्लास्टिकचा लेप दिलेली आणि पाण्यावर तरंगणारी असते. आपण दोरी फेकतो, माशी नुसती तिच्यामागून जाते. फरक एवढाच की आसूड वाजवायचा असतो आणि ही दोरी वाजता कामा नये. वाजली की पुढची माशी तुटून गेली म्हणून समजा.

हे एकदा लक्षात आलं की काठी कशी निवडायची ते निम्मं कळलं. दोरी जेवढ्या वजनाची, तिला वाकेल आणि उसळून परत सरळ होईल अशी काठी हवी. म्हणून या काठ्यांना आणि दोऱ्यांना नंबर असतात आणि दोघांचे नंबर जुळावे लागतात. हा नंबर दोरीच्या पुढच्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरची दोरी म्हणजे १४० ग्रेन, सहा नंबरची १६०, आठ नंबरची २१०. हे ग्रेन वाचून माझ्यातला जुना अधिकारी जागा झाला. सोनेतारणाच्या काळात पाठ केलेलं होतं, तोळा म्हणजे १८० ग्रेन! म्हणजे पाच नंबरची तीस फूट दोरी पाऊण तोळ्याच्या किंचित वर, सहा नंबरची तोळ्याला थोडी कमी आणि आठ नंबरची सव्वा तोळ्याच्या जराशी आत. एवढ्याशा वजनावर हा सगळा डोलारा उभा आहे.

मग नवख्यानं कोणता नंबर घ्यावा? जिथे जायचं ते पाणी आणि तिथला वारा बघून. डोंगरातल्या लहान ओढ्यांना चार किंवा पाच पुरतो. आपल्याकडे धरणांचे उघडे फुगवटे आहेत. अकरा वाजले की वारा सुटतो आणि हलकी दोरी तोंडावर परत येते. म्हणून मी सहा नंबर घेतला. महाशीरासारखा दांडगा मासा मनात असेल तर आठ लागतो, पण तो विचार नवख्यानं करू नये. पोहायला शिकणाऱ्यानं विहिरीत उतरावं, समुद्रात नव्हे.

लांबी नऊ फूट. यात फार डोकं चालवू नये, जगभर बहुतेक शिकाऊ याच लांबीवर शिकतात. चार तुकड्यांची घ्यावी म्हणजे एसटीच्या रॅकवर मावते. तिसरी गोष्ट वाकण्याची. काही काठ्यांचा नुसता शेंडाच वाकतो. त्या कडक, चपळ आणि बहुधा महाग असतात. काही मुठीपर्यंत वाकतात, त्या संथ. नवख्याला मधली हवी, अर्ध्यापर्यंत वाकणारी. कडक काठी सरावलेल्या हाताला लांबचा पल्ला देते, पण दोरी तिच्यावर कधी ताणली गेली ते शिकाऊ हाताला कळतच नाही. मधली काठी हाताला सांगते की आता मी वाकले, आता सोड. शिकवणारी काठी ती.

काठी कशाची, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. एके काळी या काठ्या बांबूच्या असत. बांबूच्या सहा लांब चिपा तासून, एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी कलकत्त्याहून बांबू परदेशी जाई; पुढे चीनमधल्या बांबूनं त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला आणि १९७० च्या दशकात कार्बन. आज स्वस्तातली काठीही कार्बनचीच असते आणि शिकायला ती पुरेशी असते. बांबूची काठी आता शौकिनांची, तिची किंमत विचारूसुद्धा नये.

पैसे कुठे घालावेत, याचा मी कर्जाच्या प्रस्तावासारखा तक्ता केला. रीळ हा दिसायला सगळ्यात रुबाबदार भाग आणि दुकानदार तोच आधी पुढे करतो. पण लहान माशांसाठी रीळ म्हणजे नुसती दोरी गुंडाळून ठेवायची फिरकी. तिथे काटकसर करावी. दोरीवर मात्र करू नये. चांगली दोरी साध्या काठीला सांभाळून घेते, पण वाईट दोरीला भारी काठीही सांभाळू शकत नाही. नंबर जुळणारी, तरंगणारी आणि पुढच्या भागात वजन असलेली दोरी घ्यावी. माझा हिशेब असा झाला: काठी ४,८०० रुपये, रीळ १,७००, दोरी २,९००, पुढचा बारीक तंगूस आणि डझनभर माश्या ९००. एकूण १०,३००. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्या शेवटच्या कादंबरीचं मानधन किती होतं हो?" मी विषय बदलला.

दुकानात काठी बघताना चार गोष्टी मात्र बघाव्यात. तुकडे जोडून एका डोळ्यानं शेंड्याकडे पाहावं. दोरीच्या कड्या एका रेषेत यायला हव्यात. सांधे घट्ट बसावेत, पिळल्यावर फिरू नयेत. प्रत्येक कडीतून बोट किंवा कापसाचा बोळा फिरवावा. कुठे धार असेल तर ती दोरी खाईल. आणि काठीवर नंबर छापलेला आहे ना, तो वाचावा. नंबर नसलेली काठी म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

काठी आली तेव्हा नवरात्र होतं. मी सावेडीत घरामागच्या मोकळ्या मैदानावर सराव सुरू केला. गळाच्या जागी लोकरीचा लाल गोंडा बांधायचा, म्हणजे कुणाचा डोळा फुटत नाही. पहिल्या दिवशी दोरी माझ्या चष्म्याला, दुसऱ्या दिवशी बाभळीला अडकली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक फिरायला निघाले होते. म्हणाले, "संक्रांतीला अवकाश आहे अजून."

या विद्येतली अवघड गोष्ट म्हणजे थांबणं. काठी मागे नेली की दोरी डोक्यावरून मागे जाते. ती मागे पूर्ण उलगडून सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायची. मागचं उलगडायच्या आत घाई केली की पुढे गुंता ठरलेला. जोराचा इथे काही उपयोग नाही. साठी उलटलेल्या माणसाला ही चांगली बातमी आहे. पण थांबणं जोरापेक्षा कठीण. मी जन्मभर 'पुढचा अर्ज' म्हणत आलेला माणूस. दिवाळीपर्यंत दहापैकी चार वेळा दोरी सरळ पडू लागली.

नोव्हेंबरात मुळेवर गेलो. आपल्याकडे बहुतेक जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. हौशी माणसानं तिथे न विचारता काठी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरणं. म्हणून परवानगी मागायला काठावरच्या वस्तीत गेलो. जाळं दुरुस्त करत एक चाळिशीतला माणूस बसला होता. त्यानं नाव सांगितलं आणि मी मटकन खाली बसलो. होडीवाल्यांचा मुलगा. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मी कोण ते सांगितलं. तो जाळं बाजूला ठेवून उठला, चहा सांगितला.

मी विचारलं, "होडीचं काय झालं?"

"तिच्या फळ्यांचं गोठ्याला दार केलंय. अजून हाय, दावतो की."

"वडील शिव्या देत असतील मला."

"न्हाई वो सायेब." तो थोडा थांबला. "म्हनायचे, सायेब चांगला व्हता, पर ऐकत न्हवता."

ते दार मी पाहिलं. चांगलं सागवानी होतं. घरी येताना सबंध वाटेत ते वाक्य माझ्याबरोबर होतं. मुलगा दहावीला होता तेव्हा माझी बदली विदर्भात झाली होती. महिन्यातून एकदा घरी यायचो आणि दोन दिवसांत त्याला महिन्याभराचं समजावून सांगायचो. तोही म्हणत असेल का, बाबा चांगले होते, पण...

डिसेंबरात तो आला. दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघं पहाटे निघून मुळेवर गेलो. त्यानं स्वतःची पाच नंबरची महागडी काठी जोडली, मी माझी. त्यानं माझी हातात घेतली, हलवली, दोरी काढून दोनदा डोक्यावरून फिरवली आणि पाण्यावर अलगद ठेवली. साठ फूट! म्हणाला, "बाबा, ही छान आहे. मी शिकलो त्या काठीसारखीच आहे." मग त्यानं त्याची मला दिली. मी फेकली. ती इतकी तडक गेली की दोरी माझ्याच पायाशी ढीग होऊन पडली. मला नऊशे डॉलर पेलत नाहीत, हे मुळेच्या काठावर सिद्ध झालं.

माझी काठी परत घेऊन मी उभा राहिलो. वारा सुटायला लागला होता. दोरी दोनदा गुंतली. तो मागे येऊन उभा राहिला, माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "थांबा. अजून थांबा. मागे जाऊ द्या पूर्ण. हां, आता." त्याच्या पाटीवर 'श्री' गिरवून घेतला होता, त्यानंतर आमचे हात असे एकत्र आल्याचं मला आठवत नाही. मला दोन वेळा सांगावंसं वाटलं की मला माहीत आहे, मी वाचलं आहे. मी बोललो नाही. त्यानं अर्धा तास समजावून सांगितलं आणि मी अर्धा तास ऐकलं.

साडेदहाच्या सुमाराला दोरी थरथरली. मासा पाव किलोचा असेल, चिलापी. मुलगा सवयीनं तो सोडायला वाकला. मी त्याला थांबवलं. चिलापी मूळचा आफ्रिकेतला, आपल्या देशात १९५२ साली आणला गेला आणि आता जलाशयाजलाशयांत आपल्या माशांची जागा अडवून बसला आहे. महाशीर लागला असता तर जपून सोडायलाच हवा होता. त्याची पिल्लं वाढवायला लोणावळ्याजवळ वळवणला सत्तरच्या दशकापासून मेहनत चालली आहे. पण चिलापीला जीवदान देण्यात त्या पाण्याचं काही पुण्य नाही. तो आम्ही होडीवाल्यांच्या मुलाला दिला.

त्यानं मासा हातात घेऊन तोलला, मग माझ्या काठीकडे पाहिलं. "केवढ्याला पडली सायेब?"

"सगळं मिळून दहा हजार तीनशे."

"अन् मासा पावशेर!"

माझा मुलगा म्हणाला, "बाबा, यालाच एनपीए म्हणतात ना?"

तिघंही हसलो. मी जरा जास्तच.

तो जाऊन आता काही महिने झाले. काठी दाराच्या मागे उभी असते. पुढच्या खेपेला भंडारदऱ्याला जायचं ठरलं आहे. रविवारचा फोन अजूनही येतो. परवा वाऱ्यावर दोरी कशी खाली ठेवायची ते तो सांगत होता. सौभाग्यवती दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "आईला द्या." मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास झाला होता.